रडाराचें छिद्र

३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून 'निसार' हा उपग्रह अवकाशांत सोडण्यांत आला. अमेरिकेची 'नासा' व आपली 'इस्रो' ह्या दोन संस्थांनीं मिळून तो सिद्ध केला असून त्याच्या नांवाच्या अखेरचें 'सार' हें 'सिंथेटिक अ‍ॅपर्चर रडार' ह्या तीन शब्दांचें संक्षिप्त रूप आहे. (मराठी कानाला हें नांव 'निःसार' ह्या शब्दाच्या फार जवळ जातें, पण तो दोष नांव ठेवणारांचा नव्हे.) त्यानंतर चार-आठ दिवसांनीं आमच्या नंदुरबारच्या कॉलेजांतील एक विद्यार्थी माझ्याकडे आला. मी इंग्रजीचा अध्यापक. रडार हा माझा प्रांत नव्हे. परंतु त्याची अडचण रडाराची नव्हती, शब्दाची होती. त्याच्या हातीं पदार्थविज्ञानाचें एक मराठी टिपण होतें व त्यांत 'अ‍ॅपर्चर' ह्या शब्दापुढें 'छिद्र' एवढाच अर्थ दिला होता. तो म्हणाला, "सर, रडाराला छिद्र कोठें असतें? आणि असलेंच, तर तें कृत्रिम कां करावें लागतें?"

मला क्षणभर हंसूं आलें. परंतु त्या मुलाची स्थिति मनांत आणल्यावर तें मावळलें. तो अक्राणी भागांतला, धडगांवच्याही पलीकडल्या डोंगरांतला. घरीं पावरी बोलतो, शाळेंत मराठी शिकला, आणि आतां शास्त्रविषय इंग्रजींतून शिकतो आहे. मराठी ही त्याची मायबोली नव्हे. ती त्याच्या शिडीची मधली पायरी आहे. आपल्या घरांतील मुलाला मराठी प्रतिशब्द चुकीचा मिळाला, तर तो त्याला बाजूस सारून मूळ इंग्रजी शब्द घोकतो व परीक्षा पार पाडतो. ह्या मुलाची मधली पायरी निसटली म्हणजे तो थेट खालीं येतो. तेव्हां परिभाषेचा प्रश्न हा कोशकारांच्या फुरसतीचा विषय आहे असें जे मानतात, त्यांनीं हा प्रश्न अशा मुलाच्या जागीं उभें राहून एकदां पाहावा.

'अ‍ॅपर्चर' ह्या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन धातूचा अर्थ 'उघडणें' एवढाच आहे. शास्त्रज्ञांच्या हातीं गेल्यावर मात्र त्या शब्दाला निरनिराळीं कामें करावीं लागलीं. कॅमेऱ्याच्या भिंगांत पातळ पात्यांचा एक पडदा असतो. पातीं मिटलीं-उघडलीं कीं मधली जागा लहान-मोठी होते. तें एक अ‍ॅपर्चर. दुर्बिणींत प्रकाश गोळा करणाऱ्या भिंगाची किंवा आरशाची रुंदी, तें दुसरें. रेडिओलहरी झेलणाऱ्या तबकडीचा जेवढा विस्तार लहर घेण्याच्या कामीं येतो, तें तिसरें. पहिल्यांत निदान कांहीं तरी पोकळ आहे; पुढल्या दोहोंत पोकळीचा मागमूसही नाहीं. जुन्नरजवळ गिरावली येथें 'आयुका' ह्या संस्थेची दुर्बीण आहे. तिचें अ‍ॅपर्चर दोन मीटर, म्हणजे तिचा मुख्य आरसा दोन मीटर रुंद. आतां गंमत अशी कीं, ह्या जातीच्या दुर्बिणींत मुख्य आरशाच्या मध्यभागीं खरेंच एक भोंक असतें व परावर्तित प्रकाश त्यांतून मागें जातो. परंतु तें भोंक म्हणजे अ‍ॅपर्चर नव्हे. अ‍ॅपर्चर म्हणजे त्या भोंकासभोंवतालचा भरीव आरसा!

त्याच मुलुखांत नारायणगांवजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या परिसरांत पसरलेल्या आहेत. त्या सर्वांचे संकेत एकत्र जुळवून, जणूं पंचवीस किलोमीटर रुंदीची एकच तबकडी उभारली असावी, इतकें बारीक चित्र मिळवितां येतें. ह्या युक्तीला 'अ‍ॅपर्चर सिंथेसिस' म्हणतात. 'निसार'ची युक्ति त्याच कुळांतली. तेथें तबकडी एकच, बारा मीटरांची, पण ती धांवत असते. वाटेवर ठिकठिकाणीं टिपलेले प्रतिध्वनि जुळविले म्हणजे एका लांबलचक तबकडीचें काम होतें. ह्याला 'कृत्रिम छिद्र' म्हटल्यावर विद्यार्थी छिद्र शोधीत बसला, तर दोष त्याचा कसा?

आणि 'छिद्र' हा शब्द तरी मराठींत निरुपद्रवी आहे काय? छिद्र म्हणजे जेथें असूं नये तेथें पडलेलें भोंक. भांड्याला छिद्र पडतें, होडीला छिद्र पडतें. दुसऱ्याचे दोष हुडकीत बसणाराला आपण छिद्रान्वेषी म्हणतों. संस्कृत सुभाषितांतही छिद्र म्हणजे उणीव. मुद्दाम केलेल्या, मापून-मोजून घडविलेल्या, कामाच्या उघडेपणाला हें नांव देणें म्हणजे घराच्या दाराला भगदाड म्हणण्यासारखें आहे. वास्तविक मराठी भाषा ह्या बाबतींत अत्यंत चोखंदळ आहे. भोंक, बीळ, भगदाड, खिंडार, फट, भेग, चीर, झरोका, खिडकी, मोरी, नाकें, वेज: ह्यांतला कोणताही शब्द दुसऱ्याच्या जागीं बसत नाहीं. सुईला नाकें, कानाला वेज, भिंतीला भगदाड, तटाला खिंडार. आकारापेक्षां त्या उघडेपणाचें काम काय आणि तो कोणामुळें झाला, हें मराठी माणूस आधीं पाहतो. ही बारीक नजर परिभाषा करावयास बसलेल्या पंडिताला ऐन वेळीं कां सोडून जाते, हेंच कोडें आहे.

मला वाटतें त्याचें कारण परिभाषाकोशांच्या मांडणींत आहे. मोल्सवर्थनें १८३१ मध्यें, व सुधारून १८५७ मध्यें, जो मराठी-इंग्रजी कोश दिला, त्यांत तो शब्दापुढें नुसता शब्द ठेवून थांबत नाहीं. लोक तो शब्द कोठें व कसा वापरतात हें सांगतो, म्हणून तो अजून वाचनीय आहे. दाते व कर्वे यांचा 'शास्त्रीय परिभाषा कोश' १९४८ चा. १९६० मध्यें भाषा संचालनालय स्थापन झालें व त्यानंतर एकेका विषयाचे कोश निघाले. ह्या कार्याचे उपकार मी मानतों. एवढें काम करावयास जी चिकाटी लागते ती माझ्या अंगीं नाहीं. परंतु परिभाषाकोश म्हटला कीं डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी शब्द, मध्यें कोरी जागा, हा सांचा ठरलेला. त्या कोऱ्या जागेंत एखादें वाक्य असतें, तर 'अ‍ॅपर्चर' पुढें 'छिद्र' लिहिणाराचा हात आपोआप थांबला असता. "ह्या दुर्बिणीचें छिद्र दोन मीटरांचें आहे" हें वाक्य एकदां मोठ्यानें वाचून पाहावें.

हिंदीच्या शास्त्रीय परिभाषेनें 'द्वारक' हा शब्द घेतला आहे. तो छिद्राहून पुष्कळ बरा. दार हें कोणी तरी मुद्दाम केलेलें असतें व तें कशासाठीं तरी उघडतें, एवढा अर्थ तरी त्यांत येतो. पण त्या अंत्य 'क' मुळें दाराचें दारुकलें होतें, आणि पंचवीस किलोमीटरांच्या विस्ताराला दारुकलें म्हणवत नाहीं. शिवाय वर्गांत हा शब्द उच्चारतांच निम्मीं मुलें मनानें सौराष्ट्रांत, द्वारकेस जाऊन पोंचतात, हा अनुभव माझ्या एका सहाध्यापकांचा आहे.

मग पाहावें तरी कोठें? खानदेशांत धाब्याचीं घरें पुष्कळ होतीं, अजूनही कांहीं उभीं आहेत. मातीच्या त्या सपाट छपरांत उजेडासाठीं व धुरासाठीं एक वाट ठेवीत. तिला कोठें सानें, कोठें सवणें म्हणत. दुपारीं त्या वाटेनें आंत पडलेला उजेडाचा तुकडा म्हणजे कवडसा. इंग्रजींत उघडेपणासाठीं अनेक शब्द आहेत, पण त्यांतून येऊन पडलेल्या उजेडाला एका शब्दांत बोलावयाचें झाल्यास माझी इंग्रजी विद्या अपुरी पडते. आणि कवडशांत प्रकाशशास्त्राचा एक पाठच दडलेला आहे. झाडाच्या पानांमधल्या फटी वेड्यावांकड्या असतात, तरी खालीं पडलेले कवडसे गोल दिसतात. कारण तो फटीचा आकार नसून सूर्याचें चित्र असतें. २४ ऑक्टोबर १९९५ च्या सकाळीं सूर्यग्रहण लागलें, तेव्हां भिंतीवरचे सारे कवडसे कोरीसारखे झालेले मीं स्वतः पाहिले आहेत. ज्या भाषेनें कवडशाला नांव दिलें, ती भाषा अ‍ॅपर्चर समजावयास असमर्थ आहे, असें मी तरी म्हणणार नाहीं.

उजेडापेक्षांही पाण्याच्या बाबतींत आमचा प्रदेश अधिक शिकवितो. नंदुरबार १ जुलै १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्याचाच भाग होता, आणि धुळ्याकडील पांझरा नदीच्या कांठची फडपद्धति प्रसिद्ध आहे. नदीवर बंधारा, बंधाऱ्यापासून पाट, पाटापासून चाऱ्या, आणि शेताशीं आल्यावर पाण्याला वाट करून देण्यासाठीं वरंब्यांत पाडलेलें दार. पाणी देणें म्हणजेच 'दारें धरणें'; कोठें त्यालाच 'बारें देणें' म्हणतात. एक दार फोडावयाचें, वाफा भरला कीं मातीनें बुजवावयाचें, दुसरें फोडावयाचें. पाणी कोणाच्या शेतांत केव्हां सोडावयाचें हें पाटकरी पाहतो. येथें 'दार' ह्या शब्दांत आकाराचा विचारच नाहीं. पाणी आंत येतें आणि तें माणसाच्या हातीं आहे, एवढेंच त्या शब्दाला म्हणावयाचें आहे.

आतां ह्याच क्षेत्रांतले दोन सरकारी शब्द घ्या. धरण भरल्यावर जादा पाणी जेथून वाहून जावयाचें, त्याला सरकारी मराठींतही 'सांडवा' म्हणतात. सांडणें ह्या साध्या क्रियापदापासून झालेला हा शब्द. शेतकऱ्यापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांच्या तोंडीं तो आहे व कोणास अर्थ विचारावा लागत नाहीं. पण धरणांतून कालव्यांत वा नदींत पाणी सोडण्याची जी वाट, तिला त्याच खात्यानें नांव दिलें 'विमोचक'. व्याकरणदृष्ट्या त्यांत चूक काढतां येणार नाहीं. सोडतो तो विमोचक. तोही क्रियापदावरूनच झालेला आहे. परंतु सामान्य मराठी वाचकाला विमोचन ठाऊक आहे तें पुस्तकाचें. समारंभ, हारतुरे आणि अध्यक्षीय भाषण यांच्यासकट. परिणाम असा कीं कागदावर विमोचक राहतो आणि चारीवर 'गेट' किंवा 'आऊटलेट' चालतें. तापीवरील प्रकाशें व सारंगखेडें येथील बॅरेजचे 'दरवाजे' पावसाळ्यांत उघडले, हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों. तेथें कोणी द्वार उघडीत नाहीं. दरवाजा हा शब्द फारसीचा, पण तो आमच्या घरांत इतका रुळला कीं त्याची जात आतां कोणी विचारीत नाहीं.

हा विचार करीत असतां जपानी लोकांनीं ह्याच 'अ‍ॅपर्चर'चें काय केलें, हें पाहण्याची मला इच्छा झाली. कारण परदेशी शास्त्र आपल्या भाषेंत आणण्याच्या कामीं आशियांत त्यांच्याइतका दीर्घ उद्योग क्वचितच कोणी केला असेल. १७७४ मध्यें सुगिता गेन्पाकु, माएनो र्योताकु व त्यांचे मित्र यांनीं एका डच शारीरशास्त्राच्या ग्रंथाचें भाषांतर प्रसिद्ध केलें. त्याचें नांव 'काइताइ शिन्शो'. आरंभीं त्यांतील बहुतेकांना डच भाषा नांवापुरतीच येत होती. त्या ग्रंथांत भाषांतराचे तीन प्रकार सांगितले आहेत. जुना शब्द असेल तर तोच घ्यावा, जसा हाडाला हाड. नसेल तर अर्थ पाहून नवा जुळवावा. कूर्चेला त्यांनीं 'नान्कोत्सु' म्हणजे मऊ हाड म्हटलें, आणि तो शब्द आजही तेथें चालतो. दोन्ही न साधल्यास परका शब्द आवाजानिशीं उचलावा. ग्रंथि ह्या अर्थाचा डच शब्द 'क्लीर' त्यांना साधला नाहीं, तेव्हां त्यांनीं तो आवाजानेंच लिहिला. पुढें उदागावा गेन्शिन ह्या विद्वानानें त्यासाठीं एक नवें अक्षरच घडविलें, व तें रूढ झालें. म्हणजे उसना शब्द ही त्यांनीं शरणागति मानली नाहीं. योग्य शब्द सांपडेपर्यंत केलेली ती सोय होती.

'अ‍ॅपर्चर' पुढें मात्र त्यांनीं एकच शब्द ठेवण्याचा हट्ट धरला नाहीं. दुर्बिणीच्या अ‍ॅपर्चरला ते 'कोकेइ' म्हणतात, म्हणजे तोंडाची रुंदी. तोफेच्या नळीच्या मापालाही तोच शब्द. सूक्ष्मदर्शकांत व रडारांत 'काइको', म्हणजे उघडें तोंड. 'निसार' सारख्या रडाराला 'गोसेइ काइको रेदा' असें नांव आहे: जुळवून केलेलें उघडें तोंड, आणि त्यापुढें रडार हा परका शब्द तसाच्या तसा. आणि कॅमेऱ्यांतल्या अ‍ॅपर्चरला? तेथें तोंड नाहीं, भोंकही नाहीं. तेथें शब्द आहे 'शिबोरी'. ओलें कापड पिळणें, फळाचा रस काढणें, ह्या अर्थाच्या क्रियापदाचें हें नाम. आपल्याकडील बांधणीसारखें गांठी मारून रंगविलेलें जें जपानी कापड आतां आमच्या भगिनींनाही परिचित झालें आहे, त्याचेंही नांव शिबोरीच. छायाचित्रकार पातीं मिटून प्रकाश आंवळतो, जणूं पिळून थेंबथेंब आंत सोडतो; नांव त्या कृतीला दिलें, पोकळीला नव्हे. मला हा शब्द फार आवडला. ह्या शब्दानें शिकणाराला भिंगाच्या आंत काय चाललें आहे तें आधींच कळतें. इंग्रज मुलाला 'अ‍ॅपर्चर' ह्या शब्दानें तेंही कळत नाहीं.

प्रत्येक जपानी शब्द आपल्याला अनुकरणीय आहे असें मात्र नाहीं. झाडाच्या सालीवरील ज्या बारीक जागांतून हवा आंत-बाहेर जाते, त्यांना ते 'हिमोकु', म्हणजे सालीचा डोळा, म्हणतात. कल्पना गोड आहे. पण आमच्या शहाद्याच्या शेतकऱ्याला उसाचा डोळा म्हणजे कोंब फुटण्याची जागा. तो डोळ्यांतून हवा जाऊं देणार नाहीं. येथें आपला 'वल्करंध्र' ठीक आहे. पानाच्या बाबतींतला 'पर्णरंध्र' तर उत्तम म्हणावा लागेल. शाळेंतलीं मुलें तो सहज बोलतात. त्याचें कारण रंध्र हा शब्द रोमरंध्रामुळें आधींच जिवंत शरीराशीं जोडलेला होता, त्यामुळें पान श्वास घेतें ही कल्पना त्याच्यासंगें विनासायास आली. संस्कृत शब्दावर माझा राग नाहीं. ज्या संस्कृत शब्दाचा मराठींत कोठें तरी संसार आहे, तो खुशाल घ्यावा.

माझे कांहीं मित्र म्हणतील, कीं हा सारा खटाटोप व्यर्थ आहे. 'अ‍ॅपर्चर' म्हणावें व मोकळें व्हावें. त्यांचें म्हणणें मी झिडकारीत नाहीं. नंदुरबारांतला लग्नाचे फोटो काढणारा तरुण दिवसांतून दहा वेळां अ‍ॅपर्चर म्हणतो व त्याचें कांहीं अडत नाहीं. गोव्याकडे खिडकीला पोर्तुगीज 'जनेल' म्हणून कोणाच्या घरांत उजेड कमी आलेला नाहीं. शिवकाळीं रघुनाथपंतांनीं 'राजव्यवहारकोश' रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, तरी दरवाजा गेला नाहीं, तो नाहींच. परंतु दरवाजा डोळ्यांसमोर असतो, तो हातानें उघडतां येतो. शब्द परका असला तरी वस्तु अर्थ सांगते. रडाराचें अ‍ॅपर्चर कोणाला दिसत नाहीं. तेथें शब्दानेंच बोट धरून न्यावयाचें असतें, आणि बोट धरणाराची भाषा चालणाराला थोडी तरी कळावी लागते.

तेव्हां माझी सूचना अशी. दुर्बीण, तबकडी, रडार यांच्या बाबतींत 'मुख' हा शब्द घ्यावा. विहिरीचें तोंड मोठें आहे, घागरीचें तोंड अरुंद आहे, असें आपण म्हणतोंच. किती आंत घेतलें जाईल हें तोंडाच्या रुंदीवर ठरतें, हें खेड्यांतल्या मुलालाही सांगावें लागत नाहीं. "ह्या दुर्बिणीचें मुख दोन मीटरांचें आहे" हें वाक्य कानाला खटकत नाहीं. 'निसार' मग 'जुळणी-मुख रडार' होईल. हें नांव थोडें ओबडधोबड आहे हें मला मान्य आहे, व 'संयुक्त-मुख' म्हणावें असें कोणी सुचविल्यास मी हटून बसणार नाहीं. पण 'कृत्रिम' हा शब्द मात्र तेथें नको. तेथें खोटें कांहींच नाहीं, सुटें असलेलें एकत्र केलें आहे, एवढेंच. आणि कॅमेऱ्यांत 'उघाड' म्हणावें. "उघाड कमी कर, उजेड फार आहे." आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहाध्यापकांना हा शब्द रुचला नाहीं. उघाड म्हणजे पावसाची, असें ते म्हणतात. मीं त्यांना विचारलें, चार दिवसांच्या झडीनंतर ढग सरकतात आणि मधून उजेड खालीं येतो, तेव्हां दुसरें काय होतें? ते हंसले, पण त्यांनीं शब्द स्वीकारला नाहीं. लोकांनींही तो स्वीकारला नाहीं, तर मी अ‍ॅपर्चर म्हणत राहीन.

त्या विद्यार्थ्याला मीं टेबलावरच्या कागदावर दोन्ही हातांची ओंजळ काढून दाखविली. पाऊस पडत असतां एका ओंजळींत किती पाणी येईल, आणि तीस जणांनीं शेतभर उभें राहून आपापल्या ओंजळींतलें एका घागरींत ओतलें तर किती, एवढेंच विचारलें. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि एकच माणूस ओंजळ धरून धांवत गेला तर?" रडार त्याला समजलें होतें. त्याच्या टिपणांतला 'छिद्र' हा शब्द मीं पेन्सिलीनें खोडला, वर 'मुख' असें लिहिलें, आणि शेजारचें 'अ‍ॅपर्चर' तसेंच राहूं दिलें.